म्हातारीच्या दगडावरची गाठ

आधीच सांगून टाकते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि हे सगळं होऊनसुद्धा अजून नाही. मी वनरक्षक आहे. कासवांच्या सीझनला पहाटे चारला हातात बॅटरी घेऊन एकटी पुळणीवरून चालते — एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. एवढ्या वर्षांत मला काय भेटलं? कुत्री, कोल्हे, आणि एकदा सुरूच्या बनात घोरत पडलेला एक माणूस. भूत एकदाही नाही. या ग्रुपवरचे भुतांचे अनुभव मी जेवताना मोबाईलवर वाचते आणि हसते, खरं सांगते. त्यामुळे आता तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही.

आधी जागा नीट सांगते. रत्नागिरीहून मालगुंडला आलात आणि किनाऱ्या-किनाऱ्याने थोडं पुढे गेलात की आमची पुळण लागते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर उद्यापासून त्या दगडापाशी सेल्फीला लाइन लागायची. पुळणीच्या दक्षिणेला खाडीचं तोंड. उत्तरेला पाण्यात घुसलेला एक काळा खडक, त्याला सगळे ‘म्हातारीचा दगड’ म्हणतात. दगडापासून जेमतेम शंभर पावलांवर, सुरूच्या बनाला लागून, माझी हॅचरी — म्हणजे जाळीचं कुंपण, त्यात कासवांची अंडी पुरून राखायची. आणि हॅचरीच्या अगदी समोर, पाण्यात, ओढ.

ओढ वरून दिसत नाही. उलट तिथलं पाणी बाकीपेक्षा शांत दिसतं. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मध्ये गुळगुळीत पट्टा. बाहेरचा माणूस बरोबर तिथेच उतरतो, कारण त्याला वाटतं इथे लाटा कमी आहेत. आणि लाटांनी आणलेलं सगळं पाणी त्याच वाटेने परत आत जात असतं. भरती संपून पाणी उतरायला लागलं की विचारूच नका.

माझी नोकरी कासवांची, माणसांची नाही. पण माणूस बुडायला लागला की ‘माझं खातं वेगळं आहे’ असं सांगता येतं का? आदल्या वर्षी एकाला मासेमारीच्या होडीने काढला, तो नशिबाने वाचला. त्यानंतर गावाने वर्गणी काढून एक रबरी रिंग आणली आणि दामूतात्यांनी आपल्या जुन्या रापणीचा दोर दिला.

दामूतात्या कोण ते सांगते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, तीसेक माणसं लागतात. तिचे तांडेल म्हणजे म्होरके दामूतात्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. हाताला कंप, त्यामुळे दोन वर्षं दोराला हात नाही. तोंडाला मात्र कसलाच कंप नाही. त्यांनी शंभर-सव्वाशे मीटर दोराचं एक टोक रिंगेला माणसं लावून कायमचं गुंफून घेतलं. दुसरं टोक ऐन वेळी कशाला तरी बांधायचं आणि रिंग घेऊन पाण्यात शिरायचं, असा बेत. बांधायचं कशाला, तर हॅचरीच्या कोपऱ्यातल्या खांबाला. आणि बांधायचं कोणी, तर मी.

इथेच आमचं भांडण सुरू झालं.

मी लांजा तालुक्यातल्या आतल्या गावची. घरी भात, चार कलमं आणि म्हशी. पोहायला शिकले विहिरीत, कमरेला सुके भोपळे बांधून. गाठ मला एकच येते — दाव्याची. एका झटक्यात सुटणारी, कारण गोठ्यात आग लागली, साप निघाला, तर जनावर पटकन सोडवता आलं पाहिजे. फक्त आमच्याकडे चंद्री नावाची एक महाबिलंदर म्हैस होती. ती दाव्याचं लोंबतं टोक दातात धरायची, मान मागे झटकायची, आणि चालली शेजाऱ्यांच्या वालात! म्हणून माझ्या बाबांनी तिच्यासाठी एक युक्ती काढली. टोक दुमडून फासा झाला की उरलेलं टोक त्याच फाशातून परत ओवायचं. मग ओढलं तरी सुटत नाही. याला आमच्या घरात ‘चंद्रीचं कुलूप’ म्हणतात. बाकी गावात कोणाकडे नाही, कारण बाकी गावात कोणाकडे चंद्री नव्हती.

तात्यांनी माझी गाठ पहिल्यांदा पाहिली आणि कपाळावर हात मारला.

“काय गो मॅडम, म्हस बांदायला आलीस काय दर्यावर?”

“तात्या, पक्की बसते ती.”

“म्हशीला बसते. दर्याला नाय चालत. दर्या झटके देतो, तुजा बापूस गोठ्यात देत नाय.”

मग ते मला त्यांची गाठ शिकवायला बसले. दोन वेढे घ्यायचे, टोक खालून आत, मग दोन्ही वेढ्यांवरून उलटं. त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली. जेवढी ओढ बसेल तेवढी आवळते, असं ते सांगायचे. त्यांच्या हातांना दाखवता यायचं नाही, ते तोंडाने सांगायचे आणि मी चुकायची. अख्खा एप्रिल चुकले! टोक खालून गेलं की माझा हात आपोआप डावीकडे वळायचा आणि सगळं हातात सुटून यायचं. शेवटी मी वैतागून म्हटलं, “तात्या, राहू दे. माझी तीच बरी.” ते म्हणाले, “तुजी तुज्याकडं. एक दिवस रडशील.”

तर आता तो दिवस.

मे महिन्याचा शेवट. दुपारचे पावणेचार. भरती होऊन पाणी नुकतंच उतरायला लागलेलं, वारा फिरलेला. मी हॅचरीत जाळी सोडवत होते, सीझन संपला होता. तात्या नेहमीसारखे शैलावहिनींच्या सरबताच्या टपरीपाशी बाकावर. पुळणीवर वीस-पंचवीस पर्यटक. त्यात सांगलीचं एक कुटुंब — नवरा, बायको, त्यांची दीड वर्षांची मुलगी आणि आजी. त्या बाई रोज सकाळी टँकमध्ये पोहणाऱ्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच पाहिलं की त्या त्या गुळगुळीत पट्ट्यात उतरल्यात. मी शिट्टी मारली, हात केले. त्यांनी हसून हात हलवला! त्यांना वाटलं मी टाटा करतेय.

दोन मिनिटांत त्या तिप्पट अंतरावर. मग त्यांना कळलं. आणि पट्टीचे पोहणारे करतात तीच चूक त्यांनी केली — सरळ किनाऱ्याकडे तोंड करून, जीव खाऊन हात मारायला लागल्या. ओढीच्या तोंडावर. जागच्या जागी दमल्या. ते बघून नवरा धावत पाण्यात घुसला. त्याला तर धड पोहताही येत नव्हतं.

आजी नातीला कडेवर घेऊन ओरडत होत्या. शब्द नव्हते, नुसता आवाज. तो मला अजून ऐकू येतो.

मी रिंग उचलली, दोर खांबाशी नेला आणि… घाई झाली हो. आयुष्यात हजारदा बांधलेली गाठ बांधली, दाव्याची. चंद्रीचं कुलूप घालायचं राहिलं. विसरले. लपवत नाही, माझीच चूक. समोरच्या लोकांना ओरडले, “मी हात वर केला की सगळे मिळून ओढा!” आणि घुसले पाण्यात.

ओढीतून आत जायला काही लागत नाही, तीच नेते. आधी नवरा हाताला लागला. त्याचं डोकं रिंगेवर टाकलं. मग त्याला घेऊनच बाईंपर्यंत. त्यांचे डोळे उघडे होते पण बघत नव्हते. केसांना धरून वर काढलं, हात रिंगेतून आरपार घातला आणि कानात ओरडले, “सोडायची नाही! मुलगी बघतेय!” त्यांनी एका हाताने रिंग पकडली, दुसऱ्याने माझा दंड. त्या पकडीचे वळ पुढे चार दिवस माझ्या दंडावर होते.

मी हात वर केला. काहीच नाही. परत केला. काहीच नाही. लाटेवर वर उचलले गेले तेव्हा किनारा दिसला. माणसं डोक्याला हात लावून इकडे-तिकडे धावत होती. हॅचरीचा खांब दिसला. खांब रिकामा होता.

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. भीती नंतर आली. आधी भयंकर लाज वाटली. तात्या म्हणाले होते ना, रडशील. दोन माणसं माझ्या भरवशावर रिंगेला चिकटलेली, आणि दोराचं दुसरं टोक कोणाच्याच हातात नाही… चंद्रीने केलं असतं तसं समुद्राने केलं. टोक धरून झटकलं आणि मोकळा झाला. आम्ही तिघंही आत चाललो होतो, सरळ, आणि किनाऱ्यावरची माणसं बाहुल्यांएवढी झाली होती.

आणि दोर ताठ झाला.

अचानक, हिसका बसून. रिंग उलटता उलटता राहिली. पण किनाऱ्याकडून नाही — बाजूने, उत्तरेकडून. मी एकदम चिडले, विश्वास ठेवा. वाटलं कोणा शहाण्याने टोक पकडलंय आणि भलत्याच दिशेला उभा राहून ओढतोय. “अरे सरळ ओढा रे गाढवांनो!” असं ओरडलेसुद्धा, तोंडात खारट पाणी गेलं. पण ते ओढणं नव्हतं. दोर नुसता धरून ठेवला होता. घट्ट. दाव्याला बांधलेलं जनावर खुंट्याभोवती फिरतं तसे आम्ही हळूहळू उत्तरेला सरकत गेलो. आम्ही हातपायसुद्धा हलवत नव्हतो. ओढच आम्हाला ओढीबाहेर नेऊन सोडत होती.

मग पाणी बदललं. पायाखालचं ते खेचणं थांबलं. मागून एक लाट आली, तिने उचलून आम्हाला पुढे टाकलं. दुसरी आली, तिने अजून पुढे. सहाव्या की सातव्या लाटेला माझी टाच वाळूला लागली. आयुष्यात इतकी गोड कुठली गोष्ट मी चाखली नाही, आणि ती पायाने चाखली!

लोक कंबरभर पाण्यात धावत आले. शैलावहिनी सगळ्यांच्या पुढे, साडी खोचून. बाईंना पालथं घातलं, पाणी बाहेर आलं, खोकल्या, आणि पहिला शब्द काय बोलल्या, तर “पिल्लू कुठाय?” बस्स. सगळी पुळण टाळ्या वाजवायला लागली. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. आजींनी माझ्या हातात काय द्यावं? पिशवीतली आंबापोळीची अख्खी चवड. नुसत्या एकेक पोळी काढून माझ्या हातात कोंबत होत्या. मी तिथेच ओल्या अंगाने बसून दोन खाल्ल्या आणि मग हमसून हमसून रडले. तात्या शेजारी उभे होते. ‘म्हणालो होतो ना’ असं ते म्हणाले नाहीत. डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “वाघीण हायस गो.”

मग सगळ्यांचं लक्ष दोराकडे गेलं. रिंगेपासून दोर ताठ गेला होता म्हातारीच्या दगडाकडे. आणि दगडाच्या पाण्याकडच्या अंगाला, मानेसारखा बारीक भाग आहे तिथे, गुंडाळलेला दिसत होता. दगडाभोवती चहूबाजूंनी पाणी फुटत होतं. तिथे भरतीला कोणी जाऊ शकत नाही. ओहोटीला, ती पण पूर्ण उतरल्यावरच, गुडघाभर पाण्यातून जाता येतं.

“टोक वाहत गेलं आणि कपारीत अडकलं,” कोणीतरी म्हटलं. बरोबर, दुसरं काय असणार? मलाही पटलं.

एका पर्यटकाने व्हिडिओ काढला होता. शैलावहिनींच्या मोबाईलवर पाहिला. त्यात मी धावतेय, दोर मागे उड्या मारतोय, गाठ उकलते आणि टोक वाळूवरून सरपटत पाण्यात जातं. मग कॅमेरा वळतो. क्षणभर दगड दिसतो, वरून लाट जातेय. तिथे चिटपाखरू नाही.

मी त्या नवरा-बायकोबरोबर रत्नागिरीला दवाखान्यात गेले. रात्रभर ठेवून घेतलं त्यांना, आणि मलाही. सकाळी डॉक्टरांनी तिघांनाही सोडलं, तब्येती ठणठणीत. मला साहेबांनी आठ दिवस सक्तीची रजा दिली. तिथूनच घरी गेले. त्याच सकाळी, पाणी पूर्ण उतरल्यावर, तात्या पुतण्याचा हात धरून दगडापर्यंत गेले होते. हे त्यांनी मला मी परत आल्यावर सांगितलं. तोवर समुद्राला उधाण आलं होतं आणि दगडाकडे जायची सोय राहिली नव्हती.

“अडकला नव्हता,” तात्या म्हणाले. “गाठ हाय.”

“कसली गाठ?”

“आमची. दोन वेढे, खालून आत, उलटं. आमच्या घरची.” मग मान हलवली. “पण शेवट आमचा नाय. शेवटी कायतरी गाढवपणा केलाय कोणीतरी. आमच्यात असं कोण करत नाय. उघडेना. शेवटी दोर कापून आणला, गाठ तिथंच हाय.”

मी म्हटलं, तात्या, तुमच्या घरातलं दुसरं कोणी? ते म्हणाले, पुतण्या मुंबईहून त्याच रात्री आला, आणि त्याला ही गाठ येतही नाही. बाकी ही गाठ येणारे सगळे वर गेले. आणि ते स्वतः? ते टपरीपाशी होते, वीस माणसांच्या डोळ्यांसमोर. शिवाय त्यांच्या हातांना चहाचा कप धरवत नाही.

मग व्हायचं तेच झालं. कोणी म्हणालं, तात्यांचा बापूस आला. कोणी म्हणालं, मॅडमने एवढी कासवं सोडली, कासवानेच दोर ओढला. कासव गाठ मारतं का हो? मी सगळ्यांना उडवून लावलं. पण पावसाळाभर एक केलं. तात्यांच्या पडवीत बसून रोज ती गाठ शिकले. आता मला लाज वाटत होती, त्यामुळे तक्रार केली नाही. हात डावीकडे वळायचा, तात्या काठीने टोचायचे, “उजवीकडं गो, उजवीकडं!” जून गेला, जुलै गेला. गणपतीत घरी जाऊन आले. आणि नवरात्राच्या आसपास, एका सकाळी, पडवीच्या खांबावर गाठ बसली. सुरेख. तात्यांनी कंप पावणाऱ्या बोटाने वेढे चाचपले, खूश झाले. “आता टोक सोड तसंच.”

पण टोक लोंबत होतं. आणि लोंबतं टोक मला बघवत नाही, लहानपणापासून. मी ते दुमडलं, फासा केला, आणि त्यातून ओवलं.

तात्या पुढे वाकले, ते टोक बोटाने चाचपलं. मग म्हणाले, “ह्ये काय केलंस?”

“चंद्रीचं कुलूप,” मी हसून म्हटलं, आणि त्यांना म्हशीची सगळी गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत.

“परत मार.”

मी सोडून परत मारली.

“परत.”

तिसऱ्यांदा मारून झाल्यावर ते उठले आणि काठी घेतली. “पाणी उतारलंय. चल.”

मी त्यांना दंडाला धरून गुडघाभर पाण्यातून नेलं. म्हातारीच्या दगडाच्या मानेला तो दोराचा तुकडा होता. अख्खा पावसाळा त्याच्यावरून गेला होता. हिरवा पडला होता, बारीक शिंपले बसले होते. पण गाठ तसूभर हलली नव्हती. दोन वेढे. टोक खालून आत. दोन्ही वेढ्यांवरून उलटं. आणि शेवटी, दुमडून, फाशातून ओवलेलं… कुलूप.

 मी दगडाला टेकले.

तात्यांची गाठ या जगात तात्यांना येते. चंद्रीचं कुलूप माझ्या बाबांना आणि मला येतं. बाबांनी समुद्र पाहिला तो एकदा, माझ्या भावाच्या लग्नाच्या वेळी. दोन्ही एकत्र येणारी बाई एकच आहे. आणि त्या दिवशी, पावणेचार वाजता, तिला त्यातलं अर्धंच येत होतं, आणि ते अर्धंही ती चुकली होती.

“तुजीच गाठ हाय,” तात्या म्हणाले. “शिकलीस आज. मारलीस मे महिन्यात.” मग दगडावरचं पाणी हाताने पुसल्यासारखं करून म्हणाले, “माजा शिष्य जरा लवकर पास झाला, एवढंच.”

मी विचार करून करून थकले. दोर बाजूला बांधलेला असला की ओढच माणसाला बाहेर फिरवून टाकते, हे मला समजतं. हॅचरीच्या खांबाला बांधलेला राहिला असता तर लोकांनी कितीही ओढलं तरी आम्ही तिघं ओढीच्या मध्येच लटकलो असतो, हेही तात्यांनी वाळूत रेघा मारून पटवलं. म्हणून आता दगडाच्या बाजूला, भरतीच्या वर, एक नवा खांब पुरलाय. त्या खांबाच्या दोरावर या डिसेंबरात मी आणखी एकाला काढला, आणि गाठ हलली नाही. सगळं समजतं. फक्त ती गाठ तिथे कोणी, कधी मारली, ते समजत नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर सांगा, भुताचं सोडून.

त्या सांगलीच्या ताईंचा दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो. पिल्लू आता बोलायला लागलीय, मला ‘काचव मावची’ म्हणते.

आणि मी अजून रोज सकाळी एकदा गाठ मारून बघते, सराव म्हणून. पूर्वी उरकून टाकायची. आता तसं करवत नाही. दर वेळी वाटतं, ही मारतेय ती कुठे पोचणार आहे कोणास ठाऊक, कोण टांगलेलं असेल तिच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून नीट मारते. कुलुपासकट.